भाच्याने पाठवलेला अल्बम ऐकला. टोनची सीडी अडकलीय का माझे कान?

पॅडवाला_अमळनेर

रामराम मंडळी.

मी अमळनेर तालुक्यातला. बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो, २२ वर्षं झाली. काठीने ठोका दिला की आत भरलेला आवाज वाजतो, ते पॅड; त्या आवाजाला आम्ही टोन म्हणतो. लगीनसराईत तिथी दाट असल्या की महिन्याला वीस-बावीस सुपाऱ्या, मग कानबाई, गणपती, आणि मधल्या दिवसांत घरचं कपाशीचं वावर. संगीत कुठे शिकलेलो नाही. ठेका मात्र कोणताही द्या, दोन आवर्तनांत उचलतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी ‘याला काय कळतं’ म्हणायला नको. कळत नाही, म्हणूनच विचारतोय.

भाचा पुण्याला शिकतो. त्याने व्हॉट्सॲपवर लिंक टाकली, खाली लिहिलं, “मामा, हा अल्बम तुमच्या कामाचा आहे. पूर्ण ऐका, मधेच सोडू नका.” कलाकाराचं नाव वनओट्रिक्स पॉइंट नेव्हर. मला वाटलं चार पोरांचं टोळकं असेल, तर एकच माणूस निघाला, अमेरिकेचा. अल्बमचं नाव ‘ट्रँक्विलायझर’, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलाय. आमच्याकडे या नावाची गोळी डॉक्टर लिहून देतात.

पहिल्यांदा लावला तो गोडाऊनला, बँडच्या गाडीवर. टॉपची, म्हणजे गाडीवरच्या स्पीकरची, वायर बदलली होती, टेस्टिंग करायचीच होती, म्हटलं दोन्ही कामं होतील. दोन मिनिटांत कीबोर्डवाला गाडीवर चढला. “भो, हाई काय वाजी राहिनं? मिक्सर उडना का?” जनरेटरवाल्या पोराने न विचारता जॅक काढून पुसला, परत लावला. आवाज तसाच. मग तिघं जण गाडीखाली उभं राहून ऐकत बसलो. कोणाची मान हलेना.

कसं वाजतं ते सांगतो. सुरुवातीला काचेच्या घंट्या वाजल्यासारखं, गोड. वाटतं आता ठेका येईल, हात आपोआप मांडीवर जातो. तेवढ्यात ते सगळंच दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं होतं आणि दार लोटून तिसरंच काहीतरी आत येतं. त्याच्याशी ओळख होतेय तोवर ते मधोमध फाटतं. जुन्या दूरदर्शनवर ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी यायची ना, त्या पाटीमागे जे वाजायचं, ते जर तासभर लावून ठेवलं तर कसं वाटेल? किंवा दाट तिथीच्या दिवशी आपली गाडी पारोळ्याच्या रस्त्याने जाते, एका मांडवाचा आवाज सरतो न सरतो तोच पुढच्या मांडवाचा सुरू होतो, आणि मधल्या शंभर फुटांत दोन्ही एकमेकांत शिरतात. ते शंभर फूट म्हणजे हा अल्बम. सम कुठेच नाही. असली तरी मला सापडली नाही.

मी सोडून दिला असता. पण चौथ्या दिवशी रात्री दोनला सुपारी संपवून परत येत होतो, गाडीच्या मागच्या बाजूला, बेसच्या खोक्याला पाठ टेकून. कानात इयरफोन होते. आणि एके ठिकाणी दचकलो. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे! तोच असेल असं नाही, पण त्याच जातीचा. नवा कीबोर्ड घेतला की डेमोचं बटण दाबल्यावर जे चकचकीत, कोणाचंच नसलेलं वाजतं, ती जात. भाच्याला फोन लावला (उचलला, जागाच होता). तो म्हणाला, “मामा, अहो ते सगळं तयार टोनवरच केलंय. जुन्या टोनच्या सीड्या.”

आता माझा खरा प्रश्न. एका स्पर्धेत परीक्षकांनी माइकवरून आम्हाला ‘पेनड्राइव्हवाले’ म्हटलं होतं. म्हणे दुसऱ्यांनी भरलेले टोन तुम्ही काठीने नुसते सुरू करता, यात वादन कुठे आलं. चारशे लोकांसमोर. मी गप्प बसलो, कारण उत्तर नव्हतं. आता हा माणूस तयार टोन घेऊन अल्बम करतो आणि जगभर त्याच्यावर लेख येतात. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? भांडायला विचारत नाही. आणि दुसरं, हे ऐकायचं तरी कसं? कान कुठे ठेवायचा?

---

जळगावचा_उन्हाळा

फरक सोपा आहे भाऊ. तुम्ही वाजवलं की पोरं नाचतात, त्याने वाजवलं की लोक लेख लिहितात. गोऱ्यांचे थेर आहेत, आपल्या कामाचे नाहीत. ४५ डिग्रीत ट्रकवर उभं राहून सहा तास वाजवा म्हणावं त्याला.

---

साउंडचेक_धुळे

‘गोऱ्यांचे थेर’ याचं आधी बघू. धुळ्याहून गाडी काढली तर अहमदाबाद एका दिवसाचा रस्ता आहे. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग नावाच्या कंपनीचं सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आलं होतं. तिथे आपल्या लोकांनी केलेलं काम टेपांवर पडून राहिलं आणि २०२३ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं. मुंबईत चरणजित सिंग नावाचे सिनेमात वाजवणारे वादक होते. त्यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, रोलँड कंपनीच्या तीन मशीनवर. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० ला ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे डोक्याला हात लावून बसले. थेर म्हणायचेच असतील तर आपलेही आहेत, जुने.

आता पॅडवाले भाऊ, तुमचा प्रश्न. मी स्टुडिओत बसतो, धुळ्यातच, जास्त करून अहिराणी गाणी मिक्स करतो. हा माणूस मी बरीच वर्षं ऐकतोय. खरं नाव डॅनियल लोपाटिन. आईबाप रशियातून अमेरिकेत आलेले. बापाकडे रोलँडचा जुनो-६० सिंथेसायझर होता, तो याच्या हाती आला, तिथून सुरुवात. ते विचित्र नाव म्हणजे बोस्टनच्या एका रेडिओ स्टेशनच्या नावावरची कोटी आहे, वन-ओ-सिक्स पॉइंट सेव्हन, १०६.७. २०११ मध्ये त्याने टीव्हीच्या जुन्या जाहिरातींतले तुकडे घेऊन एक अल्बम केला होता. मालाचं नाव काढलं, निवेदकाचं वाक्य तोडलं, राहिलेला श्वास आणि पियानोचा एक ठोका तेवढा ठेवला. सिनेमालाही पार्श्वसंगीत देतो. म्हणजे सम लावता येत नाही म्हणून लावत नाही असं समजू नका. लावता येते.

आता सीड्या. १९९० च्या आसपास स्टुडिओवाल्यांसाठी ‘सॅम्पल सीडी’ मिळायच्या. एका सीडीत पन्नास प्रकारचे ड्रम, एकीत नुसते तंतुवाद्यांचे लांब सूर, एकीत पाणी, वारा, दारं. विकत घ्यायची, सॅम्पलरमध्ये (भरलेले आवाज वाजवणाऱ्या मशीनमध्ये) ओतायची, जाहिरात, मालिका, गाणं, कशातही वापरायची. त्या आवाजांवर मालकी सांगायची नाही आणि श्रेयही द्यायचं नाही, हाच त्यांचा व्यवहार. आमच्या स्टुडिओत अजून एक खोकं आहे, निम्म्या सीड्यांना बुरशी लागलीय. पुढे इंटरनेट आलं, लायब्ऱ्या डाउनलोड व्हायला लागल्या आणि सीड्या अडगळीत गेल्या. कोणीतरी त्यांचा मोठा साठा इंटरनेट अर्काइव्हवर, म्हणजे जुन्या गोष्टी जपून ठेवणाऱ्या वेबसाइटवर, चढवून ठेवला होता. लोपाटिनने तो कधीतरी वापरू म्हणून खूण करून ठेवला होता. एक दिवस बघतो तर साठा गायब. नंतर परत सापडला. ते सापडल्यावर केलेला हा अल्बम आहे. म्हणून त्यात सगळं येतं आणि जातं, हातात काही ठरत नाही. गेलेली वस्तू परत मिळाली तरी ती पुन्हा जाईल ही धास्ती राहते ना, ती ऐकू येते. निदान मला येते.

ऐकायचं कसं, तर पहिली गोष्ट, टॉपवर ऐकू नका. तुमचे टॉप पाचशे लोकांना नाचवायला लावलेत, मधले आवाज त्यात दबतात. इयरफोन ठीक आहेत.

---

पॅडवाला_अमळनेर

इयरफोन दीडशे रुपयांचे आहेत. डाव्या कानातला कधीकधी जातो. म्हणजे मला जे येणं-जाणं ऐकू आलं त्यातलं निम्मं इयरफोनचंही असेल!

पण सीड्यांचं ऐकून हसू आलं. आमच्यात टोनचा व्यवहार असाच आहे. आधी माझ्याकडे एसपीडी-२० पॅड होतं. त्यात जे भरलेलं तेच वाजवायचं, बाहेरचं घालता येत नाही. मग २०११ ला जुनं एसपीडी-एस घेतलं. त्याला कार्ड लागतं, आणि माइक लावून आपला आवाज आपण भरू शकतो. तेव्हापासून टोन फिरायला लागले. चोपड्याच्या बँड पार्टीकडे ढोल चांगला, साक्रीकडे पावरी चांगली, शिरपूरवाल्यांकडे बेस. चहाच्या टपरीवर कार्ड द्यायचं, कार्ड घ्यायचं. नंतर पेनड्राइव्ह. फायलींची नावं ‘ढोल नवा’, ‘ढोल नवा २’, ‘ढोल नवा फायनल’, ‘फायनल भाऊ’. कोणी बनवला, माहीत नाही. विचारायची पद्धतच नाही.

---

सेवानिवृत्त_भुसावळ

माझं वय ६८. नोकरी रेल्वेत, कॅरेज अँड वॅगन विभागात, भुसावळला. संगीतातला मी माणूस नाही, पण ऐकण्याची नोकरी केलेली आहे, म्हणून लिहितो.

गाडी फलाटाला लागली की आमचा माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या बाजूने चालायचा आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं आणि वाजत राहतं. चीर असेल तर आवाज बसका येतो, लगेच मरतो. नवीन पोरांना मी सांगायचो, ठोका ऐकू नका, ठोका तर तुम्हीच दिलाय. ठोक्यानंतर काय राहतं ते ऐका. रात्री तीनला, थंडीत, बाजूला इंजिन धडधडत असताना ते ऐकायला शिकायला मला वर्ष लागलं होतं.

दुसरं. पूर्वी रूळ १३ मीटरचे असायचे, जोडावरून चाक गेलं की खट्-खट् व्हायचं. घड्याळ लावून ४७ सेकंद जोड मोजायचे. जितके जोड, तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये. हिशोब करून बघा, जमतो. आता रूळ लांबच लांब जोडून टाकतात, खट्-खट् गेली. नातवाला सांगितलं तर म्हणतो, मोबाइलवर स्पीड दिसतो ना आजोबा. दिसतो, बाबा.

असलं, भरलेल्या आवाजांचं संगीत कुठून सुरू झालं ते माझ्या जावयाने मला एकदा ऐकवलं होतं. फ्रान्सच्या रेडिओतला एक इंजिनिअर, पिएर शेफर, १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात गेला आणि इंजिनांचे आवाज भरून आणले. टेप तेव्हा हाती नव्हती, तबकड्यांवर. त्या तबकड्या उलट-सुलट, पुन्हा पुन्हा वाजवून त्याने रचना केली. त्याचं म्हणणं असं होतं की ऐकणाऱ्याने ही गाडी आहे हे विसरावं आणि नुसता आवाज ऐकावा. मला ते साधलं नाही. मला पूर्णवेळ वाफेचं इंजिनच दिसत होतं आणि एका ठिकाणी वाटलं, याला तेल द्यायला झालंय. जावई हसला.

तुमचा अल्बम अजून ऐकलेला नाही. ऐकेन.

---

नवापूरच्या_बाई

मी शिक्षिका आहे, नवापूर तालुक्यात. पॅडवाले दादा, तुम्ही ‘साक्रीकडे पावरी चांगली’ असं सहज लिहून गेलात, म्हणून थांबले.

आमच्याकडे मार्गशीर्षात आदिवासींचा डोंगऱ्यादेव बसतो. पावरी वाजवणारा समोर असतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, गाल फुगलेले. तो फुंक तोडत नाही. गोल धरून लोक नाचत असतात आणि तो आवाज रात्रभर एकच एक चालू असतो, खाली-वर होतो पण तुटत नाही. शेजारी बसलं तर पावरीइतकाच त्या माणसाचा नाकातला श्वास ऐकू येतो. वर्गातली पोरं दुसऱ्या दिवशी पेंगतात आणि मी त्यांना पेंगू देते.

लग्नातल्या कीबोर्डवरच्या पावरीत हे नाही. बोट उचललं की पावरी बंद! श्वास कापलेला असतो, ‘स्वच्छ’ करून. टिमलीच्या ठेक्यावर नाचायला ती छान आहे, मीही नाचले आहे. पण कधीतरी कुठल्यातरी माणसाने माइकसमोर बसून ती फुंकली असणार. त्याला किती पैसे मिळाले? नाव कुठे आहे? ‘विचारायची पद्धतच नाही’ हे तुम्ही हसत लिहिलंत, मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. राग मानू नका. तुमच्या त्या अमेरिकन माणसालाही माझा हाच प्रश्न आहे. सीडीतली तार कोणीतरी छेडलीच होती ना? त्याने काय केलं त्या माणसाचं?

---

साउंडचेक_धुळे

बाई, कागदोपत्री बघितलं तर सीडी विकत घेतली की वापराची परवानगी मिळायची, त्या माणसाला पुढे काही द्यावं लागत नसे. पण तुम्ही कायदा विचारत नाही आहात, हे समजतंय. उत्तर माझ्याकडे नाही. मी स्वतः आठवड्याला दहा गाण्यांत तीच पावरी लावतो.

---

पॅडवाला_अमळनेर

बाई, राग नाही. उलट तुमचं वाचून दोन दिवस पॅडला हात लावला नाही (सुपारीही नव्हती, खरं सांगतो). आणि भुसावळच्या बाबांचं ‘ठोक्यानंतर काय राहतं’ हे डोक्यातून जाईना. त्यावरून एक गोष्ट आठवली, ती सांगतो. मोठी आहे.

२०१२ ची गोष्ट. एसपीडी-एस नवीन होतं, म्हणजे माझ्यासाठी नवीन. वैशाख, गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. मागच्या अंगणात ५०० लिटरची काळी टाकी पार कोरडी पडलेली. आईने कपडे आपटायची मोगरी तिच्यावर आपटली, मला दुपारचं झोपेतून उठवायला. असा बेस मी आयुष्यात ऐकला नव्हता. पोटात लागला. तसाच उठलो, एक्स्टेन्शन टाकलं, पॅड अंगणात आणलं, बँडचा गायकाचा माइक टाकीच्या तोंडात लोंबकळत सोडला. मोगरीला जुना पायजमा गुंडाळला. तीस-चाळीस ठोके दिले असतील. शेजारी येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. एक ठोका असा पडला की बस्स. तोच ठेवला. नाव दिलं ‘टाकी’.

रात्री इयरफोनवर ऐकलं तर ठोक्याच्या शेपटीला, टाकीचा घुमारा विरत असताना, कोंबडी. एकदाच, ‘कॉक्’. आईची कोंबडी टाकीखालच्या सावलीत बसलेली असायची. तिला तेव्हाच तोंड उघडायचं होतं. कापायला गेलो तर घुमारा पण कापला जायचा आणि टाकीचा जीव जायचा. म्हटलं राहू दे. कारण टोन कसा वाजतो ते बघा. टिमलीत किंवा अहिराणी ठेक्यात पुढचा ठोका पाव सेकंदात येतो. पुढचा ठोका आला की आधीच्याची शेपटी तिथल्या तिथे तुटते. कोंबडी अर्ध्या सेकंदानंतर आहे. म्हणजे गाणं चालू असताना ती कधीच ऐकू येणार नाही. फक्त गाणं संपतं, शेवटचा ठोका पडतो, तेव्हा. आणि तेव्हा शिट्ट्या, फटाके, कोणाला काय ऐकू येतंय!

‘टाकी’ तीन सिझन तुफान चालली. टोन मागायला लोक यायचे, दिला. मग एका पावसात गाडीवर कार्ड भिजलं आणि सगळं गेलं. कॉपी नव्हती. वाईट वाटलं, पण टोनच तो, दुसरे आले.

२०१९ मध्ये शहाद्याकडे एका लग्नात पाहुणा म्हणून गेलो होतो, सासुरवाडीकडचं. दुसऱ्याच पार्टीचा बँड. मी जेवत होतो. बेस ओळखीचा वाटला पण बेस सगळेच सारखे. वरात दाराशी आली, गाणं संपलं, शेवटचा ठोका पडला, नेमके तेव्हा फटाके विझलेले. आणि टॉपमधून, पंधरा फुटांवरून, शे-दीडशे पाहुण्यांवर, आमची कोंबडी ओरडली.

घास हातात राहिला. बायको म्हणाली, काय झालं, तिखट लागलं का. काय सांगणार? पॅडवाल्या पोराजवळ गेलो, विचारलं, हा टोन कुठला? म्हणाला, “जुना शे भो, दोंडाईचाकडून उना. पण त्याच्यात मागे काहीतरी कचरा शे, कापाले टाइम नही.” मी म्हटलं कापू नको. तो माझ्याकडे बघत राहिला. टोन मागायला पाहिजे होता, पण स्वतःचाच टोन मागायची लाज वाटली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आता त्या अल्बमकडे येतो. बाबांचं वाचल्यावर परत ऐकला, नवे इयरफोन घेऊन (चारशेचे). ठेका शोधायचा नाही असं ठरवून. आणि मला असं वाटलं की या माणसाने पुढचा ठोका यायचाच बंद केलाय. आम्ही पुढचा ठोका देऊन शेपटी तोडतो. तो तोडत नाही. ती लांबू देतो, तिच्यात जे अडकलेलं असेल ते बाहेर येऊ देतो. एके ठिकाणी खोलीचा आवाज आला, खोलीत कोणी नसतानाचा. ती खोली कुठली, कोणाची, त्यालाही माहीत नसणार. पण होती. कोणीतरी तिथे माइक लावला होता, पंखा बंद केला होता, घाम पुसला होता. मला टाकीखालची सावली आठवली.

आवडला का? सगळा नाही. मधला मोठा भाग अजूनही ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’च वाटतो, आणि काही जागी तो मुद्दाम फाडतो ते मला छळल्यासारखं होतं, पोरगं टीव्हीचं चॅनल बदलत बसतं तसं. पण पाच-सहा जागा आहेत जिथे मी परत परत जातो.

परीक्षकांना काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलं नाही. बाईंना मात्र एक सांगतो, साक्रीच्या पावरीवाल्याचा शोध सुरू केलाय. टोन ज्याने दिला त्याला फोन केला, त्याने अजून एकाचं नाव सांगितलं. बघू कुठपर्यंत जातं.

आणि मंडळी, कोणाकडे ‘टाकी’ असेल तर पाठवा. नाव बदललेलं असेल. शेवटचा ठोका देऊन हात उचलून थांबा, कळेल.

---

सेवानिवृत्त_भुसावळ

अल्बम ऐकला. चौथ्या-पाचव्या गाण्यानंतर झोप लागली. नावाप्रमाणे काम केलं. उद्या पुढून ऐकतो.

---

दोंडाईचा_कीबोर्ड

भाऊ, माझ्याकडे १,१०० टोन आहेत, रात्री सगळे बेस तपासत बसलो. एकात शेवटी काहीतरी आहे. फाइलचं नाव ‘तोफ फायनल २’. पण कोंबडी वाटत नाही, बदक वाटतं. ड्राइव्हवर टाकलाय, लिंक मेसेजमध्ये पाठवली.

---

पॅडवाला_अमळनेर

मिळाला. कोणीतरी बेस जाड करायला टोन खाली ओढलाय, म्हणून बदक. आईला ऐकवला. दोनदा ऐकून म्हणाली, “नही, हाई आपली नही.” मग मी अंदाजाने तीन सूर वर चढवला आणि परत लावला. टाकी पातळ झाली, अगदी डबडं वाजल्यासारखी, बँडमध्ये लावायच्या लायकीची राहिली नाही.

आई म्हणाली, “हाई ते तांबडी. अंडं देवाले बठेल व्हती. तू टाकी बडवी बडवी तिले उठाडं.”